माझी व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) मादी सात महिन्यांची आहे. चार दिवसांपासून खात नाही, पिंजऱ्याच्या तळाशी फिरते आणि कोपरे उकरते. नर कधीच जवळ आलेला नाही. ही आजारी आहे का?

बहुधा आजारी नाही, अंड्यावर आलेली आहे. कोंबडीसारखंच आहे हे: नर नसला तरी अंडी होतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. व्हेल्ड जातीच्या मादीला पाच-सहा महिन्यांपासून हे सुरू होऊ शकतं. अन्न सोडणं, पाणी जास्त पिणं, एरवी फांदी न सोडणारी बाई जमिनीवर येरझाऱ्या घालायला लागणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. पोट बाजूंनी गोट्या भरल्यासारखं दिसतंय का, तेही बघा.

आज संध्याकाळच्या आत करायचं काम एकच: तिला खणायला जागा द्या. आमच्या ठकीच्या पहिल्या वेळी मी इथेच चुकले. जेवणाच्या डब्याएवढ्या प्लास्टिकच्या डब्यात चार बोटं माती घातली आणि झालं म्हटलं. ती दोन दिवस खणायची, नखं तळाला लागली की सोडून द्यायची. जंगलात ही मादी झाडावरून उतरून हातभर बोगदा खणते आणि आत शिरून अंडी घालते. तिला खोली लागते. निदान 30 सेंटिमीटर खोल माती राहील आणि तिला आत वळता येईल अशी बादली किंवा टब घ्या. त्यात मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू भरा, हवी तर निम्मी साधी माती मिसळा. खत घातलेली कुंडीची माती नको. पाणी घालून इतकी ओलसर करा की बोटानं खोल भोक पाडलं तर ते ढासळता कामा नये, पण तळाशी पाणीही साचू नये. वरून एखादी फांदी टबात सोडा, म्हणजे तिला उतरता येईल.

मग पिंजऱ्याला तिन्ही-चारी बाजूंनी चादर लावा आणि खरंच लांब राहा. हे सगळ्यात अवघड. खणताना तिला कोणी दिसलं तर ती काम अर्धवट टाकते, आणि माझी मुलगी दर अर्ध्या तासानं चादर उचलून बघत होती. शेवटी फोनचा कॅमेरा आत ठेवला तेव्हा घरात शांतता झाली. दोन-तीन भोकं खणून सोडेल, रात्री बोगद्यातच झोपेल. उकरून बाहेर काढू नका. दिवे नेहमीच्या वेळेलाच लावा-बंद करा. पाण्याचा फवारा मात्र चालू ठेवा, कारण शरीरात पाणी कमी असलं तर अंडी अडकायची भीती वाढते. अंडी घालून झाली की ती खड्डा स्वतः बुजवते, माती दाबून सपाट करते आणि मातीनं माखलेली, पोट खपाटीला गेलेली अशी वर येते.

डॉक्टरकडे कधी जायचं? दिवसा डोळे मिटून बसते, डोळे खोल गेलेत, फांदी धरवत नाही, तळाशी नुसती पडून आहे, किंवा खणणं थांबवून अंडी न घालताच मलूल झाली, तर त्याच दिवशी. अंडी अडकली असतील आणि उशीर झाला तर ती जगत नाही. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आत्ताच शोधून नंबर लिहून ठेवा. आम्हाला कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातून 'सरडे असेच सुस्त असतात' म्हणून परत पाठवलं होतं. चांगला डॉक्टर आधी एक्स-रे काढतो, मग गरजेप्रमाणे कॅल्शियम, कळा येण्याचं इंजेक्शन, नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया.

नंतर भरपूर वेळ फवारा, आणि दोन-तीन दिवस कॅल्शियमची पूड लावलेले किडे पोटभर. आई फोनवर म्हणाली, डिंकाचा लाडू नाही का चालत तिला! अंडी टबातून काढून टाका. मात्र मादी मोठी झाल्यावर दुकानातून आणली असेल तर आधी नराशी गाठ पडलेली असू शकते, आणि ती शुक्राणू साठवून ठेवते. पिल्लं नको असतील तर अंडी फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाका.

पुढच्या वेळेसाठी: जास्त खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडीही जास्त होतात. ठकीला पहिल्यांदा 47 झाली. आता मी एक दिवसाआड तीन-चारच किडे देते आणि दिव्याखालचं तापमान 27 अंशांच्या आसपास ठेवते; गेल्या खेपेला 19 झाली. पण हा उपास आत्ता नको, पोटातली अंडी बाहेर पडू द्या. आणि टब आता कायमचा पिंजऱ्यातच राहू द्या.

मी अमेरिकेत आहे आणि तुमची व्हेल्ड, म्हणजे मूळची येमेन-सौदीकडची जात, म्हणून हे सगळं लिहिलं. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, तो पाळता येत नाही. रस्त्याकडेला माती उकरताना दिसला तर ती अंडी घालणारी मादी असू शकते. उचलून झाडावर ठेवायला जाऊ नका. जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर फोन करा.