रोमन तटबंदीवरचे सधन उपनगर

प्रश्न : ग्लासगोजवळचे बेअर्सडेन हे स्कॉटलंडमधील अतिशय सधन उपनगरांपैकी एक समजले जाते. तेथे रोमन स्नानगृह कसे? आणि ग्लासगोला इतके लागून असूनही ते त्या शहरात विलीन का झाले नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रोमन अवशेषांचा उपनगराच्या भरभराटीशी संबंध नाही, म्हणून त्यांचे आधी सांगतो. इ. स. 142 च्या सुमारास सम्राट अँटोनायनस पायस याच्या आज्ञेने मध्य स्कॉटलंडमध्ये सुमारे 60 किलोमीटर लांबीची तटबंदी उभारण्यात आली आणि तिच्यावरील एक किल्ला आजच्या बेअर्सडेनमध्ये होता. सैन्य तेथे दोनेक दशकेच टिकले. 1973 मध्ये जुन्या बंगल्यांच्या जागी सदनिका बांधण्यापूर्वी उत्खनन झाले, तेव्हा हे स्नानगृह उजेडात आले. किल्ल्याच्या खंदकात साठलेल्या मैल्याच्या तपासणीवरून सैनिकांचा आहार मुख्यतः धान्याचा होता, असे दिसते. अंजिराच्या बियाही त्यात सापडल्या.

त्यानंतर हा भाग शतकानुशतके शेतीचाच राहिला. 1649 मध्ये येथे न्यू किलपॅट्रिक हा स्वतंत्र चर्च-परगणा झाला, एवढीच काय ती घडामोड. खरा बदल 1863 मध्ये आगगाडी आल्यावर झाला. कारखान्यांच्या धुराने आणि दाट वस्तीने ग्रासलेल्या ग्लासगोत दिवसभर व्यवसाय सांभाळून संध्याकाळी मोकळ्या हवेतल्या बंगल्यात परतणे व्यापारी कुटुंबांना शक्य झाले आणि स्थानकाला दिलेले बेअर्सडेन हे नावच पुढे गावाचे नाव झाले. 1960 मध्ये या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या.

विलीनीकरणाचा प्रश्न मात्र रेल्वेचा नव्हे, हद्दीचा आणि कराचा आहे. ग्लासगोने 1912 मध्ये गोव्हन आणि पार्टिक ही स्वतंत्र नगरे सामावून घेतली. बेअर्सडेन तेव्हा बाहेर राहिले आणि 1958 मध्ये त्याला स्वतःचा नगराचा दर्जा मिळाला. 1975 च्या पुनर्रचनेत शेजारच्या मिलगायसह त्याचा वेगळा जिल्हा करण्यात आला, तर 1996 पासून ते पूर्व डनबार्टनशरच्या प्रशासनाखाली आहे. कमाई शहरात करायची, तेथील रस्ते आणि संग्रहालये वापरायची, पण स्थानिक कर दुसऱ्या संस्थेकडे भरायचा, ही सोय रहिवाशांनी सहजासहजी सोडली नाही, आणि ग्लासगोच्या बाजूने पाहिल्यास तिच्याविषयीची नाराजी आम्हांला रास्त वाटते.