दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेच्या वर्गात स्वतःच्या आठवणी सांगायला लावल्याने व्याकरण मागे पडते का?

मुळीच नाही. उलट खोसाचे भूतकाळ आठवणींवाचून डोक्यात शिरतच नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

दक्षिण आफ्रिकेत, ईस्टर्न केप प्रांतातील ईस्ट लंडन येथे मी डॉक्टर म्हणून नोकरी करीत असताना संध्याकाळच्या खोसा वर्गाला जात असे. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'मामा' म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई, हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. एकदा त्यांनी प्रत्येकाला आपल्या आजीविषयी बोलायला लावले. 'उमाखुलू उन्दिबालिसेले', म्हणजे आजीने मला गोष्ट सांगितली, असे म्हणून मी श्रावणातल्या कहाण्यांकडे वळणार, तोच बाईंनी विचारले, "आजी सध्या तुमच्याकडे आल्या आहेत का?" आजीला जाऊन वीस वर्षे झाली होती. माझे क्रियापद नुकत्याच घडलेल्या गोष्टीचे होते. 'सांगत असे' यासाठी दूरच्या भूतकाळातले 'वायेन्दिबालिसेला' हवे होते. तक्त्यावरून तीनदा पाठ करून विसरलेले ते रूप त्यानंतर कधी चुकले नाही. मग बाईंनी 'न्दियामखुम्बुला' हा शब्द दिला: मला ती आठवते आणि तिच्यावाचून करमत नाही, या दोन्हींसाठी तिथे हे एकच क्रियापद आहे. आपल्या 'आटपाट नगरा'सारखा त्यांच्या लोककथांचा, म्हणजे इन्त्सोमींचा, आरंभही ठरलेला असतो: 'क्वाथी के कालोकू न्गान्त्सोमी'. त्या दिवसा सांगितल्या तर डोक्याला शिंगे फुटतात म्हणे. आमचा वर्ग संध्याकाळचा, त्यामुळे निभावले.

वर्गातला माझा एक सहकारी मात्र धुसफुसत असे की, आपण पैसे भरले ते रडगाणी ऐकायला नव्हे, रुग्णांशी बोलता यावे म्हणून. 'कुबुह्लुन्गू फी?', म्हणजे कुठे दुखते, एवढे त्याला पुरेसे वाटे. पण प्रश्न विचारता येणे निराळे आणि उत्तर समजणे निराळे. म्हातारी बाई गुडघ्यावर बोट ठेवत नाही. ती पाणी आणताना कधी पडली, तेव्हा घरात कोण होते, तिथून सुरुवात करते, आणि तो मान डोलावून थेट एक्स-रे लिहून देत असे.

एक मात्र राहिले. वर्णद्वेषी राजवटीत अनेकांची घरेदारे उठवली गेली, म्हणून बालपणाविषयी बोलण्याची सक्ती कोणावरही करू नये. ज्याला नको असेल त्याने शेजाऱ्याची गोष्ट सांगावी. अगदी नवख्यांना आधी सी, क्यू, एक्स या अक्षरांचे चटकारे, म्हणजे जिभेने काढायचे टचटच आवाज, आणि नामांचे व्याकरणातले गट (आपल्या लिंगांसारखे) घोटून घ्यावे लागतात, हेही खरे, आणि तेवढ्यापुरते माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे मला मान्य आहे, तेवढ्यापुरतेच.