'मराठी नीट दिसत नाही' एवढ्याने भागत नाही

अरे, लिब्रेऑफिसच्या लोकांना पाठवलेला तुझा बग रिपोर्ट वाचला. 'मराठी नीट दिसत नाही, लवकर दुरुस्त करा.' आता तो डेव्हलपर काय डोंबल करणार? त्याला देवनागरी वाचता येत असेलच असं नाही.

असं लिही: लिब्रेऑफिस राइटरमध्ये नवी फाइल उघडली, 'वाऱ्यावर' टाइप केलं, पीडीएफ काढली, 'ऱ्य' हवा होता, 'र्य' आला. सोबत फॉन्टचं नाव, एका ओळीची फाइल आणि चुकीच्या जागी लाल गोल केलेला स्क्रीनशॉट. कीबोर्ड कुठला तेही सांग, कारण हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो-विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायची खूण) घालून. दिसायला सारखेच, आत वेगळे. घोळ बहुधा तिथेच असतो.

लिब्रेऑफिसची आवृत्ती हेल्प मेन्यूतल्या 'अबाउट'मधून कॉपी होते, ती जशीच्या तशी चिकटव. त्याआधी सेफ मोडमध्ये, म्हणजे तुझ्या सेटिंग्ज बाजूला ठेवून, एकदा करून बघ. मी एका प्रोग्रॅमबद्दल चांगला तावातावाने भांडलो होतो, निघालं काय, तर माझंच जुनं प्रोफाइल (साठवलेल्या सेटिंग्ज) बिघडलेलं!

बगझिलात, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर, आधी शोध. तोच बग सापडला तर त्यातच भर घाल, फक्त 'मलाही होतंय' नको.

आणि तुझ्या बगवर 'नीडइन्फो' (आणखी माहिती हवी) असा शेरा दिसला की रुसू नकोस. त्यांनी काहीतरी विचारलंय, एवढंच. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, उत्तर मात्र दे.