पेस्ट आणायला इतक्यात धावू नकोस

अरे, लॅपटॉप तापतो म्हणून थर्मल पेस्टसाठी (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) लगेच मुंबईतलं लॅमिंग्टन रोडचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट गाठू नकोस. एकही प्रोग्रॅम उघडलेला नसताना प्रोसेसरचा वेग खाली येत नाही म्हणतोस ना? मग धूळ हा नंतरचा प्रश्न. धुळीने मशीन तापतं, पण वेग वर अडकून राहत नाही. उलट फार तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.

आधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाच मिनिटं नुसता बघत बस. अपडेट, अँटीव्हायरस, ब्राउझरचा विसरलेला टॅब, कुणी गुपचूप प्रोसेसर खातंय का? सगळं शांत असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्सची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज बघ. 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' (प्रोसेसरचा किमान वेग) १०० टक्के दिसला तर चोर सापडला, ५ कर. 'हाय परफॉर्मन्स' निवडलं की बहुतेक हेच होतं. 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ केलास तर जुन्या इंटेल प्रोसेसरवर टर्बो, म्हणजे गरजेला घेतला जाणारा जादा वेग, सहसा बंद पडतो. थोडा वेग जातो खरा, पण मे महिन्यात, पंख्याखालीही घाम निथळत असताना, मी तेच करतो.

तरीही लॅपटॉप तापला तर तो उघड, आणि आधी बॅटरीची पिन काढ. माझ्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि तांब्याच्या जाळीमध्ये धुळीची चक्क गोधडी निघाली होती. घर रस्त्यालगत, समोर बांधकाम, दुसरं काय होणार! पंख्याची पाती काडीने अडवून मगच हवा मार, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग जायचं. पेस्ट सगळ्यात शेवटी, तुरीच्या दाण्याएवढी. आणि हो, गादीवर ठेवून सिनेमे बघणं आजपासून बंद.