वाइल्डकॅटसाठी केस घेताना

पहिल्याच वाइल्डकॅटसाठी (कारखान्याच्या काडतुसाची केस बदलून स्वतः बनवलेलं काडतूस) नेमबाजीच्या रेंजवर वेचलेल्या केस, म्हणजे काडतुसाची पितळी कवचं, नकोत. कोणी किती वेळा झाडल्यात, देव जाणे! मूळ काडतुसाच्या नव्या कोऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या घे. लापुआ कंपनीच्या महाग वाटतील, पण पितळ एकसारखं हवं: .३०-०६ काडतुसाच्या केसची मान (गोळी धरणारा तोंडाचा भाग) .२५ कॅलिबरपर्यंत आवळली की पितळ जाड होतं. गोळी बसवल्यावर मान चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) मोकळी हवीच, नाहीतर दाब धोकादायक वाढतो.

नवखे इथे हमखास फसतात:

- मानेवरचा निळसर-तपकिरी डाग पाहून केस परत करतात. अरे, तो अ‍ॅनीलिंगचा, म्हणजे मान तापवून मऊ केल्याचा, चांगलाच!
- वापरलेल्या केसच्या बुडाजवळची चकाकती रेघ मात्र दिसत नाही. टोक वाकवलेली तार आतून फिरव. खाच लागली की तिथे पितळ पातळ झालंय, केस थेट भंगारात.

वजन करून निवडणं, मान तासणं पुढे बघू.