जुना टॅबलेट सुरू करण्यापूर्वी एवढे वाचा

तुम्ही लिहिले आहे की टॅबलेटची जागा भरली म्हणून त्यावरचे जुने फोटो डिलीट केले, दोन दिवसांनी तेच फोटो फोनमधूनही नाहीसे झालेले दिसले, आणि मदत कक्षाने ‘सिंक (सगळ्या उपकरणांवरचे फोटो आपोआप एकसारखे होणे) पूर्ण होईपर्यंत थांबा’ असे उत्तर दिले. हे वाचून मला राहवले नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत अगदी हेच घडले होते आणि मी थांबले म्हणूनच ते नुकसान कायमचे झाले. त्यामुळे सर्वांत आधी सांगते, थांबू नका. मी तंत्रज्ञ नाही, तुमचे उपकरण कोणते आहे हेही तुम्ही लिहिलेले नाही आणि आवृत्तीनुसार मेनूमधली नावे बदलतात, तेव्हा पुढचे सगळे स्वतःच्या उपकरणावर ताडून पाहावे.

आत्ता, हे वाचता वाचताच, फोटोंच्या ॲपमधला ‘नुकतेच डिलीट केलेले’ किंवा ‘ट्रॅश’ या नावाचा विभाग उघडा. तो बहुधा यादीच्या अगदी तळाशी असतो, त्यामुळे नजरेतून सुटतो. ॲपलच्या फोटोंमध्ये डिलीट केलेले फोटो तिथे ३० दिवस राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत प्रत गेलेले, फोटो ६० दिवस राहतात आणि बॅकअप न झालेले ३० दिवस. तुम्हाला अजून आठवडाही झालेला नाही, म्हणजे फोटो तिथे असण्याची शक्यता चांगली आहे. तिथून ते परत घ्या. टॅबलेटवर तो विभाग सापडला नाही, तर संगणकाच्या ब्राउझरमधून त्याच खात्यात जाऊन पाहा. आणि फोटो डिलीट करूनही टॅबलेटची जागा रिकामी झालेली दिसत नसेल, तर त्याचे कारण बहुधा ही ट्रॅशच आहे. जागेसाठी ती रिकामी करण्याचा मोह या आठवड्यात तरी आवरा.

आता माझी चूक सांगते. ती मी विस्ताराने लिहिते आहे, कारण तुम्हाला मिळालेल्या उत्तरानंतर पुढचा सल्ला मला मिळाला तोच येईल अशी मला भीती वाटते.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर टिपणवह्या लिहिल्या. शेवटी शेवटी त्यांचे कागद इतके ठिसूळ झाले होते की पान उलटले तरी कडा तुटून हातात येत, म्हणून मी एकेक पान करून सहाशेच्या आसपास पानांचे फोटो काढले. फोटो फोनमध्ये होते, टॅबलेटमध्ये दिसत होते, क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीतही दिसत होते. तीन ठिकाणी दिसतात म्हणजे तीन प्रती आहेत, अशी माझी ठाम समजूत होती. वह्या पुढे ओलीने गेल्या, तेव्हा वाईट वाटले, पण फोटो आहेत या विचाराने मी निश्चिंत राहिले. वर्षभराने टॅबलेट भरला आणि मी त्यातली ती पाने डिलीट केली, कारण ‘ती फोनमध्ये आहेतच’. त्या वेळी पडद्यावर एक सूचना आली होती आणि सर्व उपकरणांवरून फोटो जातील असे तिच्यात स्पष्ट लिहिलेले होते. ती न वाचता मी पुढे गेले. एवढा दोष माझाच आहे.

पुढचा भाग मात्र मला आजही सहन होत नाही. ज्या सेवेकडे माझे खाते होते तिच्या मदत कक्षाला मी त्याच आठवड्यात लिहिले. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. प्रत्येक उत्तर वेगळ्या व्यक्तीकडून येई, प्रत्येक जण तीच माहिती नव्याने मागे, आणि दोन उत्तरांमध्ये चार-पाच दिवस जात. ट्रॅश विभाग पाहिला का, हा एकच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर सगळे तिथेच मिटले असते. तो कोणीही विचारला नाही आणि असा विभाग असतो हे मला माहीत नव्हते. दरम्यान कपाटात पडून असलेला एक त्याहूनही जुना टॅबलेट मला आठवला. तो वर्षभर बंद होता. चार्ज करून सुरू केला तर वह्यांची सगळी पाने त्यात जशीच्या तशी होती. आनंदाने मी लगेच मदत कक्षाला ते कळवले. उत्तर आले की हा टॅबलेट वाय-फायला जोडून रात्रभर चार्जिंगला ठेवा, म्हणजे हरवलेले फोटो तिथून पुन्हा वर चढतील. मी सांगितल्याप्रमाणे केले. सकाळी पाहिले तर त्या टॅबलेटमध्ये एकही पान उरलेले नव्हते. त्याने नेमून दिलेले कामच केले होते. क्लाउडमध्ये ‘हे फोटो डिलीट झाले आहेत’ अशी नोंद होती, ती त्याने रात्री वाचली आणि स्वतःकडचे फोटोही काढून टाकले. हे मी कळवले, तेव्हा पुन्हा चौकशीचे तेच चक्र सुरू झाले, आणि शेवटी ‘मुदत उलटून गेल्यामुळे आमच्याकडे आता काहीही उपलब्ध नाही’ असे दोन ओळींचे पत्र आले.

तेव्हा तुमच्या घरात त्याच खात्याला जोडलेला एखादा जुना फोन किंवा टॅबलेट बंद अवस्थेत असेल, तर तो आत्ता तुमची सर्वांत मौल्यवान वस्तू आहे असे समजा आणि घाईने सुरू करू नका. आधी वाय-फायचा राउटर बंद करा. सुरू होताच उपकरण ओळखीच्या नेटवर्कला आपणहून जोडले जाते, पडद्यावर बोट ठेवायलाही वेळ मिळत नाही. त्यात सिम कार्ड असेल तर ते काढा. मग उपकरण सुरू करा, एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फाय खरोखर बंद झाले आहे का ते वेगळे तपासा, कारण आधीच्या वापराची आठवण ठेवून काही उपकरणे एअरप्लेन मोडमध्येही वाय-फाय चालू ठेवतात. त्यानंतर केबलने संगणकाला जोडून फोटो उतरवून घ्या. अँड्रॉइडवर केबल लावल्यावर बहुधा फक्त चार्जिंग सुरू होते, तिथे फाइल ट्रान्सफर हा पर्याय स्वतः निवडावा लागतो. आयफोन किंवा आयपॅड असेल तर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. जागा वाचवण्याची सोय चालू असलेल्या उपकरणात मूळ फोटो नसून फक्त लहान प्रती असतात आणि त्या केबलने उतरतीलच असे नाही. तसे झाले तर एकेक फोटो उघडून स्क्रीनशॉट घ्या. कंटाळवाणे आहे, पण अक्षर वाचता येण्याइतकी प्रत हाती राहते.

सिंक आणि बॅकअप या दोन गोष्टी एकच आहेत असे मानण्यातून हा सगळा घोटाळा होतो, आणि कंपन्या दोन्ही शब्द शेजारी शेजारी वापरून त्यात भर घालतात असे माझे स्पष्ट मत आहे. सिंकमध्ये सगळी उपकरणे एकाच संग्रहाकडे पाहत असतात, म्हणून एकीकडे केलेला बदल, चुकीचा असला तरी, सगळीकडे पोहोचतो. बॅकअप म्हणजे तुमच्या चुकीचा हात जिथे पोहोचत नाही अशी प्रत. एक उदाहरण देते. ॲपलची फोटो सिंक करणारी सोय, आयक्लाउड फोटोज, चालू असेल, तर आयक्लाउडच्या रोजच्या बॅकअपमध्ये ते फोटो पुन्हा घेतले जात नाहीत. बॅकअप चालू आहे, फोटोही क्लाउडमध्ये आहेत, म्हणजे दुहेरी सोय झाली असे वाटते, प्रत्यक्षात प्रत एकच असते.

जाणकार लोक तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची माध्यमे आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर, असा नियम सांगतात. मी आता एवढेच करते: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनमधले फोटो केबलने संगणकावर आणि तिथून बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते. दुसरी एक डिस्क बहिणीकडे असते, ती वर्षातून दोनदा अद्ययावत होते. उतरवल्यावर मधले चार-पाच फोटो मोठे करून उघडून पाहते. फोल्डरमध्ये नाव दिसते म्हणून फाइल धड आहे असे धरून चालत नाही.

जागेबद्दल थोडेसे. टॅबलेट भरला की आपला हात पहिल्यांदा फोटोंकडे जातो, तो चुकीचा आहे. सेटिंग्जमधले स्टोरेजचे पान उघडून नेमके कशाने जागा खाल्ली आहे ते पाहावे. पुष्कळदा तिथे ऑफलाइन उतरवून ठेवलेले चित्रपट आणि मेसेजिंग ॲपमध्ये साचलेले व्हिडिओ निघतात. स्वतः काढलेले व्हिडिओही कमी नसतात: आयफोनच्याच सेटिंग्जमध्ये लिहिले आहे की नव्या, आटोपशीर स्वरूपात १०८०पी व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम या गतीने मिनिटाला सुमारे ६० एमबी घेतो, आणि त्याच गतीने ४के व्हिडिओ १७० एमबी. घरगुती प्रसंगांसाठी १०८०पी पुरेसे आहे. फोटोच हलवायचे असतील तर डिलीटचे बटण न वापरता त्यासाठी दिलेली सोय वापरा. गूगल फोटोजमधला जागा मोकळी करण्याचा पर्याय बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त उपकरणावरची प्रत काढतो, तर त्याच ॲपमधले साधे डिलीट बॅकअप झालेला फोटो क्लाउडमधूनही काढते. एका बोटाच्या अंतरावरच्या या दोन बटणांचे परिणाम इतके वेगळे आहेत.

डिलीट झालेले फोटो परत आणून देतो असे सांगणारी सॉफ्टवेअर तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. माझा अनुभव आणि मत दोन्ही त्यांच्या विरोधात आहेत. मी एकावर पैसे घालवले, हाती आले ते ॲपमधले आयकॉन आणि फाटके तुकडे. नंतर कारण समजले: आजच्या फोनमधली साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असते, अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या उपकरणांना तर ते बंधनकारकच आहे, आणि फाइल डिलीट झाली की तिची जागा फोन स्वतःच साफ करून टाकतो. वेगळे मेमरी कार्ड असेल तर गोष्ट निराळी. त्यावर नवे काहीही न लिहिता ते ताबडतोब बाहेर काढावे आणि जाणकाराला दाखवावे, तिथे खरोखर आशा असते.

विषयाला लागूनच दोन गोष्टी. जुने उपकरण प्रत म्हणून जपायचे ठरवलेत, तर ते पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. बॅटरी निम्म्यावर असताना बंद करा, थंड जागी ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज करा. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका. दुसरे म्हणजे, संगणकावरून खात्यात शिरताना पडताळणीचा कोड त्याच फोनवर मागितला जातो आणि फोनच बंद पडलेला असेल तर दार बंद होते. गूगलसारख्या सेवा अशा वेळेसाठी आठ अंकी दहा राखीव कोड देतात. ते आजच कागदावर उतरवून ठेवा.

ट्रॅशमध्ये काहीच मिळाले नाही आणि जुने उपकरणही नसेल, तर ज्यांना ज्यांना तुम्ही ते फोटो कधी पाठवले असतील त्यांना आज संध्याकाळपर्यंत विचारा. मी धाकट्या भावाला वेळोवेळी काही पाने व्हॉट्सॲपवर पाठवली होती, हे मला फार उशिरा आठवले. त्याने मधल्या काळात फोनची साफसफाई केली होती, तरी ८७ पाने शिल्लक निघाली. पाठवताना ॲपने ती आकुंचित केली होती, त्यामुळे फिकट शाईच्या ओळी पुसट दिसतात, पण वाचता येतात. तुमच्याकडच्या लोकांना फोन करताना पहिले वाक्य ‘तुमच्या फोनमधले काहीही आत्ता डिलीट करू नका’ हेच असू द्या, आणि ट्रॅशमध्ये काय सापडले ते इथे कळवा.