बंद टाकीतला वास

प्रश्न : आमच्या शेताजवळच्या कागद गिरणीत सांडपाण्यापासून गॅस करतात म्हणे. मग सडक्या अंड्यांचा वास कशाचा?

उत्तर : तुमच्या गोठ्यामागच्या गोबरगॅसचाच हा मोठा भाऊ समजा. रद्दी आणि जुने खोके भिजवले की त्यांतली खळ पाण्यात उतरते. हवाबंद टाकीत जिवाणू ती खाऊन मिथेन करतात. सीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं माप; ती १ किलो पचली की साधारण ०.३५ घनमीटर मिथेन. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला गात्से लेटिंगा या संशोधकांनी १९७० च्या दशकात खालून वर पाणी सोडायची टाकी विकसित केली. तिच्यात जिवाणूंचे मोहरीएवढे काळे दाणे जमतात. मी मूठभर हातात घेतलेत. वास मात्र साबणानेही लवकर जात नाही!

तर वास. गिरणीत तुरटी वापरतात, तिच्यातून सल्फेट येतं. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. झाकण गळकं असलं किंवा गॅस नीट धुतला नाही, की तो तुमच्या अंगणात. हा वायू विषारी आहे. वास अचानक येईनासा झाला तरी निर्धास्त होऊ नका, तो नाकच बधिर करतो.

हे दाणे नाजूकही फार. एका मे महिन्यात आमच्या गिरणीतला पाणी थंड करायचा मनोरा बंद पडला, टाकीत ४८ अंशांचं पाणी गेलं. जिवाणूंना ३५ च्या आसपास बरं वाटतं. गॅस पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले, तोवर बॉयलरला गॅसऐवजी जादा कोळसा.

आणि या टाकीतलं पाणी थेट ओढ्यात सोडायचं नसतं. पुढे हवा देणारी टाकी आहे का, ते गिरणीला विचारा.